घरात दिवसभर एकट्या राहणाऱ्या मांजरासाठी रेडिओ लावून जावा का?

खिडकीतली_तुळस:
नमस्कार मंडळी. इथे बऱ्याच जणांकडे मांजरं-कुत्री आहेत म्हणून विचारतेय. माझ्याकडे चिंगी आहे, दोन वर्षांची, तिरंगी, बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये सापडलेली. ठाण्यात वन बीएचके, तिसरा मजला, सगळ्या खिडक्यांना जाळी. गेलं वर्षभर आई माझ्याकडे होती आणि तिला उठल्या उठल्या रेडिओ लावायची सवय, भाजी निवडतेय तरी रेडिओ, दुपारी डोळा लागलाय तरी रेडिओ. गेल्या महिन्यात ती साताऱ्याला परत गेली. आता मी पावणेनऊला बाहेर पडते ते सात-साडेसातला येते, तोवर घरात चिडीचूप. कॅमेरा बसवलाय त्यात बघते तर ही बया एकतर झोपलेली नाहीतर दाराशी पायपुसण्यावर बसलेली. खाणंपिणं ठीक आहे, डॉक्टर म्हणाले तब्येतीला काही झालेलं नाही. पण मला ते बघवत नाही.

रेडिओ लावून जावं का? यूट्यूबवर खास मांजरांसाठी म्हणून आठ-आठ तासांचं संगीत आहे त्यात काही तथ्य आहे का? की शांतताच बरी? करून बघितलेल्यांनी सांगा प्लीज.

सांगलीची_हळद:
बिनधास्त लाव. आमच्या मोत्याला बारा वर्षं विविध भारतीवर वाढवलाय. दुपारची गाणी संपून बातम्या लागल्या की उठून पाणी पिऊन यायचा, इतकं वेळापत्रक पाठ होतं त्याला.

मांजरपाट:
आमच्याकडे दोन बोके. गाणं कुठलंही लावा, ढुंकून बघत नाहीत. पण फ्रीजमधलं दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक नुसतं चुरचुरलं की दोघं दोन खोल्यांतून हजर. त्यांचं आवडतं वाद्य तेच.

फुलपाखरू_०७:
तुळस, एक सांगते कारण आम्ही यात चांगले पोळलोय. आमची लॅब्राडोर आहे, आम्ही ऑफिसला निघताना तेवढा रेडिओ लावून जायचो, बाकी कधीच नाही. पंधरा दिवसांत असं झालं की रेडिओचं बटण दाबलं की ती धापा टाकायला लागायची, दाराला नखं मारायची. तिच्या लेखी रेडिओ म्हणजे "आता हे मला टाकून चालले". नंतर ट्रेनरने सांगितलं की आधी तुम्ही घरात असताना लावा. रविवारी सकाळी पोहे खाताना लावा, संध्याकाळी ती चघळायचं हाड घेऊन बसली की लावा. महिनाभर असं केलं तेव्हा कुठे त्या आवाजाची भीती गेली. तेव्हा उद्यापासून एकदम लावून निघू नकोस, आधी शनिवार-रविवारी घरात लाव.

खिडकीतली_तुळस:
@फुलपाखरू_०७ हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं! पण चिंगीला आईमुळे रेडिओची सवय आहे, म्हणजे तिच्यासाठी उलटा अर्थ असेल ना? रेडिओ म्हणजे घरात माणूस आहे?

फुलपाखरू_०७:
असू शकतो. मग तर अजूनच जपून, कारण रेडिओ आहे आणि माणूस नाही असं रोज झालं तर तो अर्थही पुसला जाईल.

डॉ_शेपूट:
मी व्हेट आहे, नाशिकला. जरा सविस्तर लिहितो, मोबाईलवरून टायपतोय, चुका सांभाळून घ्या.

आधी कानाचं बघू. आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, ते पण तरुणपणी. कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, आणि मांजराला ६४,००० पर्यंत किंवा जास्तच. उंदरांचं आपापसातलं बोलणं बरंचसं आपल्या कानांच्या पलीकडचं असतं आणि मांजराचा कान त्याच कामासाठी घडलेला आहे. त्यामुळे आपण "मंद" म्हणून लावलेला आवाज तिला मंद असतोच असं नाही, आणि आपला "शांत" फ्लॅट तिच्यासाठी शांत असतोच असंही नाही.

खास मांजरांच्या संगीताबद्दल. २०१५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या चार्ल्स स्नोडन आणि मेगन सॅव्हेज यांनी एका चेलोवादकाबरोबर यावर काम केलं. ४७ मांजरांना त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन दोन प्रकारचं संगीत ऐकवलं, एक माणसांचं शास्त्रीय आणि दुसरं मांजरांसाठी रचलेलं. त्यात स्वर मांजराच्या आवाजाइतके वरचे, घसरत जाणारे, आणि ठेका गुरगुरण्याचा किंवा पिल्लू आईला लुचतं तेव्हाच्या लयीचा. मांजरांनी माणसांच्या संगीतात रस घेतला नाही, पण मांजरांसाठी रचलेलं लागलं की ती स्पीकरकडे गेली, अंग घासलं. तेव्हा तथ्य आहे. पुढे लुईझियानात दवाखान्यात तपासणीच्या वेळी असं संगीत लावून बघितलं, तिथेही मांजरं शांततेपेक्षा आणि शास्त्रीय संगीतापेक्षा कमी ताणात दिसली, पण रक्तातल्या ताणाच्या खुणांमध्ये मात्र फरक सापडला नाही.

आता माझं मत. स्पीकरजवळ जाऊन दोन मिनिटं अंग घासणं वेगळं आणि दहा तास एकटं असताना सोबत मिळणं वेगळं. यूट्यूबवर जे आठ तासांचे व्हिडिओ आहेत त्यातले बरेचसे माणसांनाच बरं वाटावं असे पियानोचे तुकडे आहेत, वर मांजराचा फोटो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे काही लावाल ते एकाच खोलीत लावा, दार उघडं ठेवा. तिला नको असेल तर तिला उठून जाता आलं पाहिजे. आपल्याला कंटाळा आला की आपण बंद करतो, तिच्याकडे बटण नाही.

गावाकडचा_पाटील:
मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. आमच्याकडे मांजरं वाड्यात येतात जातात, उंदीर मारतात, चुलीजवळ झोपतात. त्यांना कोण गाणी लावतंय. मांजराला कोंडून ठेवायचं आणि मग तिला करमत नाही म्हणून स्पीकर आणायचा, यापेक्षा सोडा ना बाहेर.

खिडकीतली_तुळस:
@गावाकडचा_पाटील तिसऱ्या मजल्यावरून कुठे सोडू दादा. खाली मेन रोड आहे, तिची दोन भावंडं त्याच रस्त्यावर गेली. म्हणून तर वर आणली.

गावाकडचा_पाटील:
हे माहीत नव्हतं, माफ करा ताई. एक मात्र बघा, वाड्यातल्या मांजराला दिवसभर आवाज असतात. कोंबड्या, कौलावरचं माकड, म्हशीची साखळी, पत्र्यावरचा पाऊस. ती झोपलेली दिसते पण कान फिरत असतात. तुमच्या बंद फ्लॅटमध्ये तेच नसेल.

मांजरपाट:
@पाटील, शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

षड्ज_पंचम:
मी डोंबिवलीची, गाणं शिकवते. आमच्याकडे गंधार नावाचा देशी कुत्रा आहे, चार वर्षांचा. त्याचा रोजचा क्रम सांगते. सकाळी मी तानपुरा जुळवायला घेतला की हा कुठेही असो, येतो आणि तानपुऱ्याच्या भोपळ्याला पाठ टेकवून आडवा होतो. शेजारी नाही, टेकून. मी खर्ज लावते तेव्हा त्याचे डोळे मिटायला लागतात, मागचा पाय सैल पडतो, आणि मध्य सप्तकात येईपर्यंत घोरतोय. पण ताना सुरू झाल्या की कान मागे, आणि द्रुतला उठून गॅलरीत. मी ॲप लावून बघितलं तर तानपुऱ्याच्या ॲपला तो येत नाही! त्याला तो भोपळ्याचा थरथराट हवाय. लाकूड अंगाला लागलं पाहिजे.

आणि पेटी काढली की वेगळंच. पेटीचा सूर लांब धरला, विशेषतः काळी चारच्या पुढे, की मान वर करून हेल काढतो. संध्याकाळी शेजारी आरतीला शंख वाजला तरी तेच. आमच्या सासूबाईंना ते मुळीच चालत नाही, कुत्रं रडणं अशुभ म्हणून. तर मी पेटीचा क्लास आता हा फिरायला गेला की घेते.

माझा अनुभव आहे की रागाचाही परिणाम होतो. भूप, यमन याला आवडतात. तोडी घेतला की अस्वस्थ होतो.

डॉ_शेपूट:
@षड्ज_पंचम ताई, भोपळ्याचं वाचून फार आनंद झाला. रागाबद्दल मात्र मला शंका आहे. तुम्ही तोडी कदाचित वेगळ्या वेळी घेत असाल, वेगळ्या ताणात घेत असाल, जोरात घेत असाल. कुत्र्यांवर जे काम झालंय त्यात लय, आवाजाची पातळी आणि एकसारखेपणा यांचा फरक दिसतो. बेलफास्टला २००२ साली डेबोरा वेल्स यांनी आश्रयगृहातल्या ५० कुत्र्यांना आळीपाळीने शास्त्रीय, पॉप, हेवी मेटल, आणि माणसांचं बोलणं ऐकवलं होतं. शास्त्रीयला जास्त पडून राहिले, मेटलला जास्त भुंकले, पॉप आणि बोलण्याला विशेष काही नाही. राग ओळखण्यापर्यंत गाडी गेलेली नाही.

हेल काढण्याचं म्हणाल तर ते रडणं नाहीच. लांब धरलेला सूर म्हणजे त्याच्या पूर्वजांची हाक, लांडगे अशीच एकमेकांना साद घालतात, आणि एकत्र ओरडताना सगळे एका सुरावर येत नाहीत, जो तो वेगळा सूर धरतो. सासूबाईंना सांगा, तो शंखाला ओ देतोय.

षड्ज_पंचम:
तोडी मी रविवारीच घेते, सकाळी, अगदी शांतपणे. ऐकणारा माझा कुत्रा आहे आणि बघणारी मी आहे, तेव्हा माझं मत कायम. :) पण "ओ देतोय" हे सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या मग ठीक आहे, देवाला साद देतोय म्हणा. पेटीचा क्लास परत पहिल्या वेळेला आणते.

सोलकढी:
आमच्याकडे पक्षी आहेत म्हणून लिहिते. दुकानदार ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, आमचेही तेच, चार आहेत. आधी एकच होता आणि त्याला सोबत म्हणून मी पक्ष्यांच्या किलबिलाटाचं रेकॉर्डिंग लावायचे. पहिले दोन दिवस तो वेडापिसा होऊन उत्तरं द्यायचा. मग गप्प झाला, पिसं फुगवून कोपऱ्यात. मला नंतर कळलं की मी काय करत होते. त्याला दिवसभर कोणीतरी हाक मारतंय आणि तो ओ देतोय तर समोरून काहीच नाही. जोडीदारीण आणली तेव्हा आठवड्याभरात पिंजऱ्यात परत गडबड सुरू झाली. तेव्हा त्यांच्याच जातीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावायचं तर विचार करून लावा. त्यापेक्षा मी भांडी घासताना नळाचा आवाज असतो ना, त्याला चौघंही जोरजोरात गातात. वाहतं पाणी, मिक्सर, कढईतली फोडणी, कशालाही गातात.

नाशिकचा_चिवडा:
आमच्या काकांकडे पोपट होता तो कुकरची शिट्टी हुबेहूब काढायचा, काकू तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची आणि भात कच्चा.

मांजरपाट:
हाहाहा, भात कच्चा!

सोलकढी:
@नाशिकचा_चिवडा गोष्ट गोड आहे पण कुणी वाचून आणायला जाईल म्हणून सांगते, आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात मिळतो म्हणून कायदेशीर होत नाही.

नाशिकचा_चिवडा:
हो, ती फार जुनी गोष्ट. नंतर काकांनी परत पक्षी आणला नाही.

बुधवारचा_बाजार:
डॉक्टरांनी कानांच्या पल्ल्याचं लिहिलंय त्यावरून माझा किस्सा. आमची मनी अचानक स्वयंपाकघरात यायची बंद झाली. जेवणाची वाटी तिथेच, तरी उंबऱ्यावर बसून ओरडायची, आत पाऊल टाकायची नाही. आठ दिवस आम्ही वाटी बदल, जागा बदल, खाणं बदल. शेवटी मुलाच्या लक्षात आलं की ओट्याखालच्या प्लगला आम्ही उंदीर पळवायचं ते छोटं यंत्र लावलंय, ऑनलाइन मागवलेलं. आपल्याला काहीच ऐकू येत नाही, नुसता निळा दिवा. ते काढलं. त्याच संध्याकाळी मनी आत. मला इतकं वाईट वाटलं, आठ दिवस तिच्या कानात काय चाललं असेल. आणि उंदीर? तो नव्हताच गेला.

डॉ_शेपूट:
@बुधवारचा_बाजार हे सगळ्यांनी वाचावं. त्या यंत्रांचा आवाज आपल्या मर्यादेच्या वर असतो पण मांजर, कुत्रा, हॅमस्टर सगळ्यांच्या मर्यादेत येतो. काही स्वस्त चार्जर आणि दिवेही बारीक किंचाळत असतात. तुळस, कुठलंही संगीत लावायच्या आधी घरात काय काय वाजतंय ते बघा, जिथे ती मुद्दाम जात नाही अशी एखादी जागा आहे का?

खिडकीतली_तुळस:
तसं यंत्र नाहीये आमच्याकडे. पण जागा बघते.

गवती_चहा:
थोडं अवांतर. माझी सोळा वर्षांची मांजर आहे, राणी. हल्ली स्टीलच्या वाटीवर चमचा आपटला की ती अशी काही दचकते की अंगभर झटका बसल्यासारखं होतं. फॉइल चुरगाळली तरी तेच. घरचे म्हणतात म्हातारपणी कान हळवे होतात. तेवढंच असेल ना?

डॉ_शेपूट:
@गवती_चहा ताई, हे अवांतर नाही. फोनवर व्हिडिओ काढा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा, या आठवड्यातच. म्हाताऱ्या मांजरांमध्ये ठरावीक आवाजांनी झटके येण्याचा एक आजार आहे, २०१५ मध्ये त्यावर ब्रिटनमध्ये सविस्तर काम झालं. सुरुवातीचं सरासरी वयच पंधराच्या आसपास. आवाज कुठले तर फॉइलचा चुरचुराट, चिनीमातीच्या वाटीत चमच्याचा टणत्कार, काचेला काच लागणं, किल्ल्यांचा जुडगा, कीबोर्ड, खिळा ठोकणं. जोराचा आवाजच लागतो असं नाही, बारीक, वरच्या पट्टीचा आवाज पुरतो. औषध आहे आणि बऱ्याच मांजरांना त्याचा चांगला गुण येतो. तोवर स्टीलच्या ऐवजी सिलिकॉनची किंवा प्लास्टिकची वाटी, चमचा लाकडी. घाबरू नका, पण थांबूही नका.

गवती_चहा:
उद्याच जाते. खूप आभार, मी हे कोणाला विचारणारच नव्हते.

टोरांटोची_थंडी:
आमची मांजर पांढरीशुभ्र, दोन्ही डोळे निळे, जन्मापासून बहिरी. अशा मांजरांत बहिरेपणाचं प्रमाण बरंच असतं. इथे हिवाळ्यात सहा महिने खिडक्या बंद आणि तिला तर आवाजच नाही, तर काय करायचं असा प्रश्न मलाही पडायचा. षड्जताईंनी गंधारचं लिहिलं तसंच आमचंही. इथे घरं लाकडी, जमीन लाकडी. मी हॉलमध्ये पाऊल जोरात टाकलं की बेडरूममध्ये तिला कळतं, मान वर होते. वॉशिंग मशीन घुसळायला लागलं की ती येऊन त्यावर पोट टेकून बसते, शेवटचं पिळणं होईपर्यंत. आणि मी तानपुरा नाही पण तबला वाजवते, डग्गा लावला की मांडीशी येऊन बसते. ऐकू येत नाही म्हणजे ताल नाही असं नाही.

षड्ज_पंचम:
@टोरांटोची_थंडी डग्ग्याचं वाचून अंगावर काटा आला.

कोपऱ्यावरची_टपरी:
माशांचा विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. गोल्डफिशला ऐकू येतं आणि चांगलं येतं. तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, पाण्यातला आवाज त्या पिशवीला हलवतो आणि तो कानाला पोचतो. अमेरिकेत २००१ मध्ये एका शास्त्रज्ञबाईंनी कोई माशांना शास्त्रीय आणि ब्लूज संगीतातला फरक ओळखायला शिकवलं होतं, बक्षीस म्हणून खाऊ. आता घरच्या टाकीचं बघा. हवेचा पंप चोवीस तास घरघरतोय, आणि तो बहुतेक वेळा टाकीच्या काचेला टेकवलेला असतो. तो काढून खाली फोमच्या तुकड्यावर ठेवा. आणि मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका. माझ्या टाकीत हे दोन बदल केल्यावर मासे कोपऱ्यातून मधे यायला लागले. माशांना संगीत लावण्याआधी पंपाची घरघर कमी करा.

सांगलीची_हळद:
टपरीवाले, आजच फोम आणतो.

भर_दुपारी:
मला एक विचारायचंय. कुत्र्यांसाठी रेडिओ ठीक पण एकच स्टेशन रोज लावायचं की बदलत राहायचं? आमचा पहिला आठवडा शांत होता आता परत भुंकतो.

डॉ_शेपूट:
बदलत राहा. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठ आणि तिथल्या प्राणिसंरक्षण संस्थेने आश्रयगृहातल्या कुत्र्यांवर काम केलं, शास्त्रीय संगीताने पहिल्या दिवशी ते निवांत झाले पण तो परिणाम लगेच ओसरायला लागला, सवय झाली. २०१७ मध्ये परत केलं, रोज वेगळा प्रकार, त्यात सॉफ्ट रॉक आणि रेगेला ते चांगले शांत झाले. अजून एक, २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये असंही दिसलं की कुत्र्यांना ऑडिओबुक म्हणजे माणसाचा संथ वाचनाचा आवाज लावला तर ते संगीतापेक्षाही जास्त पडून राहिले.

सांगलीची_हळद:
हे शंभर टक्के. आमची आजी दुपारी पोथी मोठ्याने वाचायची आणि मोत्या शेवटच्या ओवीपर्यंत पाटाशेजारी. आजी गेल्यावर पोथी कोणी वाचली नाही, मोत्या मात्र बरेच दिवस त्या वेळेला त्या खोलीत जाऊन पडायचा. विविध भारतीचं मी वर लिहिलं ते खरं म्हणजे त्यानंतर सुरू झालं, खोली अगदीच गप्प नको म्हणून.

भर_दुपारी:
आजींचं वाचून भरून आलं.

फुलपाखरू_०७:
गणपती झाले, आता दिवाळी येतेय, तेव्हा फटाक्यांचं पण बोलू का? खरं तर आवाजाचा हाच सगळ्यात मोठा उपयोग झाला आम्हाला. आमची लॅब ढोल-ताशाला पलंगाखाली आणि लवंगी माळेला बाथरूममध्ये. गेल्या वर्षी उन्हाळ्यात सुरू केलं. फटाक्यांचं रेकॉर्डिंग फोनवर अगदी हळू, इतकं हळू की मला जेमतेम ऐकू येईल, आणि त्याच वेळी उकडलेल्या चिकनचे तुकडे. तिने कान टवकारले पण खाणं सोडलं नाही म्हणजे पातळी बरोबर. रोज पाच मिनिटं. चार-पाच दिवसांनी आवाज एक काडी वर. कधी खाणं सोडलं की दोन काड्या खाली. घाई केली की सगळं पाण्यात. दिवाळीला ती पूर्ण निर्धास्त नव्हती, पण बाथरूमच्या ऐवजी माझ्या पायाशी बसली आणि जेवली.

डॉ_शेपूट:
अगदी योग्य पद्धत. फक्त आता दिवाळीला महिनाच राहिला असेल तर नव्याने घाईत सुरू करू नका, अर्धवट झालं तर भीती वाढते. या वर्षी आसरा तयार करा. आतली खोली, जाड पडदे, कपाटाचं दार उघडं, पंखा पाचवर, कुलर असेल तर कुलर. एकसारखी घरघर बाहेरच्या धडाडधूमला बरंच झाकते. संध्याकाळचं फिरणं आणि जेवण उजेडात उरकून घ्या. आणि कुत्रं जवळ आलं तर जवळ घ्या, लाडाने भीती वाढते हा गैरसमज आहे. फार घाबरणाऱ्यांसाठी औषधं आहेत, पण ती आधी भेटून ठरवा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊला फोन करून नाही.

गावाकडचा_पाटील:
आमच्या इथे दिवाळीत कुत्री ऊसात पळून जातात, दोन दोन दिवस येत नाहीत. या वर्षी गोठ्यात पोती लावून आडोसा करतो, मोठा पंखाही आहे तिथे.

मांजरपाट:
धागा तुळसच्या चिंगीपासून ऊसापर्यंत पोचला. तुळस, काय झालं पुढे? तीन आठवडे झाले.

खिडकीतली_तुळस:
सगळं वाचत होते, करत होते, म्हणून लिहिलं नाही. आता सविस्तर सांगते.

पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. कॅमेऱ्याला स्पीकर आहे, तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यातून "चिंगूऽऽ" अशी हाक मारायचे. मला वाटलं सोबत होईल. तिने काय केलं, हाक ऐकली, उठली, दाराशी गेली, मग बाथरूम, मग पलंगाखाली, मग कपाटाचं दार नखाने उघडायला लागली. आवाज येतोय आणि मी नाही. दहा मिनिटं शोधत ओरडत होती आणि मी ऑफिसच्या पँट्रीत फोन हातात घेऊन बघत होते. तीन दिवस मारली हाक, तिन्ही दिवस तेच. मग बंद केलं.

डॉ_शेपूट:
मधेच लिहितो, सॉरी. तुमची चूक म्हणू नका, बरेच जण हे करतात. जपानमध्ये २०२१ मध्ये याच्याशी मिळतंजुळतं काम झालंय. मांजराला मालकाचा आवाज एका जागी ऐकवला आणि लगेच दुसऱ्या, माणूस इतक्यात पोचूच शकणार नाही अशा जागी, तर मांजरं चक्रावली. म्हणजे न दिसणारा माणूस घरात कुठे आहे याचा हिशोब त्या आवाजावरून मनात ठेवतात. बाकी पुढे लिहा.

खिडकीतली_तुळस:
हे आधी माहीत असतं तर!

तर पुढे. फुलपाखरूने सांगितलं तसं रेडिओ आधी मी घरात असताना सुरू केला, आईचाच जुना, बेडरूममध्ये, आवाज मी हॉलमधून जेमतेम ऐकू शकेन इतका. मांजरांचं संगीतही लावून बघितलं, एक होतं त्याला ती खरंच आली, स्पीकरचा वास घेतला, गाल घासला, आणि चार मिनिटांनी गेली. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी आली नाही. ते आता मी रविवारी लावते, खेळताना.

मग पाटीलदादांचं ते वाड्याचं वाक्य डोक्यात राहिलं. आई असताना स्वयंपाकघराची खिडकी दिवसभर उघडी असायची, मी मात्र निघताना धूळ नको म्हणून घट्ट लावून जायचे. जाळी तर आहेच. तर काच एक वीत उघडी ठेवायला लागले आणि ओट्याच्या टोकाला एक जुनं स्टूल, त्यावर आईची गोधडी. कॅमेरा तिकडे फिरवला.

ती खिडकी आमच्या डक्टकडे उघडते. मला वाटायचं तिथे काय आहे, पाईप आणि कबुतरं. आता रोज बघते. साडेनऊला ती स्टुलावर. खालच्या काकूंचा कुकर झाला की डावा कान तिकडे, शेपटीचं टोक हलतं. पलीकडच्या विंगमध्ये कामवाल्या मावशी भांडी घासतात, त्यांच्या बांगड्या वाजतात, ते ती डोळे मिटून ऐकते, पंजे दुमडून. कबुतर बसलं की दात कटकट वाजवते. आणि चार वाजून दहा मिनिटांनी लिफ्टचा जाळीचा दरवाजा खडाड करतो, समोरची सई शाळेतून येते. त्याच्या मिनिटभर आधीच, बहुतेक खाली स्कूलबस थांबल्याचा आवाज येत असेल, ही स्टुलावरून उतरून दाराशी जाऊन बसते. सई दाराच्या फटीतून "चिंगी मॅऊ" म्हणते आणि आत जाते. म्हणजे ती पायपुसण्यावर बसलेली दिसायची ना, जे बघून मी रडायचे, त्यातला निदान एक वेळ ती सईसाठी बसत होती.

सईच्या आईशी बोलले. आता आठवड्यातून तीन दिवस सई किल्ली घेऊन पंधरा मिनिटं येते, दोरीला बांधलेलं पीस घेऊन खेळते, वर बिस्किटाचे पैसे घेत नाही.

रेडिओ बेडरूममध्ये चालू असतो हळू आवाजात, दार उघडं. दुपारी दीड ते तीन ती तिथे जाऊन झोपते. आई जेवून आडवी व्हायची तीच वेळ.

षड्ज_पंचम:
सईला माझ्याकडून खाऊ दे.

बुधवारचा_बाजार:
डक्टच्या खिडकीच्या जाळीचे स्क्रू एकदा बघून घे हं, आमच्याकडे एक सैल निघाला होता.

खिडकीतली_तुळस:
@बुधवारचा_बाजार आत्ता बघून आले. चारातला एक सैल होता. आवळला.

गवती_चहा:
राणीचं सांगायचं राहिलं. व्हिडिओ दाखवला, डॉ_शेपूट म्हणाले तेच निघालं. औषध सुरू होऊन बारा दिवस झाले, गेल्या सहा दिवसांत एकदाही झटका नाही. वाटी सिलिकॉनची आणली, निळी. काल माझ्या हातून स्टीलचं झाकण पडलं, घरभर घुमलं, आणि ती फक्त माझ्याकडे रागाने बघून परत झोपली.